चेहरा पेटतो, मग लावायचं काय?

प्रश्न : ताई, मी अमळनेरला शाळेत शिकवते. वय ३९. दोन-तीन वर्षांपासून उन्हाळा लागला की गालांवर आणि नाकावर नुसती आग होते, चेहरा तापतो, बारीक पुरळ उठतं. आधी वाटलं घामोळं, मग वाटलं या वयात पिंपल्स. शेवटी जळगावला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ‘रोझेशिया’ सांगितलं आणि एक जेल लिहून दिलं, ते मी लावते. पण बाकी काय लावायचं? मैत्रीण म्हणते व्हिटॅमिन सी लाव, आई म्हणते हळद-बेसन लाव, मुलगी मोबाइलवर रोज एक नवी बाटली दाखवते. सगळ्यांवर ‘सौम्य’ लिहिलेलं असतं. आणि आमच्याकडे तिखटाशिवाय घास उतरत नाही, ते सोडावं लागेल का?

उत्तर : डॉक्टरांपर्यंत गेलात आणि निदान झालं, हे फार बरं झालं. आपल्याकडे ते सहजासहजी होत नाही. पुस्तकांतले रोझेशियाचे फोटो बहुतेक गोऱ्या चेहऱ्यांचे असतात. सावळ्या, गव्हाळ रंगात लाली बुडून जाते आणि उरतं ते फक्त बाईचं सांगणं, की ‘आग होते हो’. मग वर्षानुवर्षं पिंपल्सचंच औषध चालू राहतं, आणि ती औषधं बहुधा त्वचा कोरडी करणारी असल्यामुळे आग आणखी वाढते. ओळखायची एक खूण अशी, की पिंपल्समध्ये काळ्या-पांढऱ्या तोंडाचे बुजलेले दाणे असतात, रोझेशियात ते नसतात. दुखणं चेहऱ्याच्या मधल्या भागात असतं आणि खाजेपेक्षा जळजळ जास्त असते.

शेतावर जाणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक शंका घ्यावी, ती गाजरगवताची. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेलं हे गवत आता प्रत्येक बांधावर आहे. त्याच्या ॲलर्जीनंही चेहरा लाल होतो. पण त्यात पापण्या सुजतात, मानेच्या घड्या आणि कोपराचे खळगे चरचरतात, खाजून खाजून जीव नकोसा होतो. आणि लालीसोबत सांधेदुखी, तोंडात वारंवार फोड, ताप असं काही असेल तर तो वेगळाच आजार असू शकतो. तेव्हा क्रीम शोधत बसू नये, रक्त तपासून घ्यावं.

आता आधी तिखटाचं बोलू, कारण तुमच्या प्रश्नात खरी धाकधूक तिथंच दिसते. १९९७ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत मिरचीतल्या कॅप्सेसिनचा माग काढताना चेतातंतूंवरचं एक प्रथिन सापडलं. ते म्हणजे एक दारच. ते मिरचीनं उघडतं, आणि साधारण ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनंही उघडतं. ठेचा जिभेला लागला काय आणि तव्यावर बोट टेकलं काय, मेंदूकडे जाणारी बातमी याच दारातून जाते. ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत विभागून. रोझेशियाच्या त्वचेत ही दारं जास्त असतात आणि लवकर उघडतात, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. ती उघडली की रक्तवाहिन्या फुगतात आणि चेहरा पेटतो. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, आणि ताटात काळ्या मसाल्याची तर्री. दोन्ही बाजूंनी ठोठावणं चालू.

तरी सरसकट तिखट सोडा असं मी सांगणार नाही. कोणाचा चेहरा कशानं पेटतो हे माणसागणिक बदलतं. महिनाभर एका वहीत टिपून ठेवा: आज काय खाल्लं, कुठं उभ्या होत्या, किती वाजता चेहरा तापला. पुष्कळदा असं निघतं की दोष मिरचीइतकाच वाफेचा आहे. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात रोझेशियाच्या रुग्णांना गरम कॉफी दिली तेव्हा चेहरा लाल झाला. तेवढंच गरम साधं पाणी दिलं तरी झाला. गार कॉफीनं मात्र काही झालं नाही. तेव्हा चहा चालू ठेवा, फक्त निवू द्या. शेवभाजीचा रस्सा कढत कढत ओरपण्यात जी मजा आहे ती कोमट रश्श्यात नाही, हे मान्य. पण बंदच करण्यापेक्षा कोमट बरा. सगळं सोडून मुगाच्या खिचडीवर आलेल्या आणि तरीही चेहरा लालच असलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांच्या वहीत नंतर भलतंच सापडतं: भाकरी भाजताना जाळाशी आलेलं तोंड, बिबड्यांच्या वाफाळत्या घाट्यावर वाकून राहणं, चैत्र-वैशाखातलं मिरचीचं कांडप, पऱ्हाट्यांवर भरिताची वांगी भाजणं. जमेल तेव्हा ही कामं सकाळी लवकर उरका, तोंड बाजूला ठेवा, नाहीतर घरातल्या पुरुषाच्या हातात चिमटा द्या. भरीत तोही खातोच.

बाटल्यांकडे वळू. ‘सौम्य’ या शब्दाला लेबलवर काहीच वजन नाही, तो कोणीही छापू शकतो. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचायची. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, म्हणून पहिली पाच-सहा नावं महत्त्वाची. यादी जितकी आखूड तितकं बरं, कारण आग झाली तर गुन्हेगार शोधणं सोपं जातं.

सुरुवात साबणापासून. तुमचं अमळनेर म्हणजे जिथं १९४५ मध्ये विप्रोची सुरुवात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली. त्या तेलाच्या धंद्यातून कपड्यांचा साबणही निघे. साबण तेल आणि अल्कलीपासून होतो, म्हणून तो स्वभावतःच अल्कधर्मी, सामू ९ ते १०. त्वचेचा सामू ५ च्या आसपास, किंचित आम्लधर्मी. निरोगी त्वचा हा फरक तास-दोन तासांत भरून काढते, रोझेशियाची त्वचा रखडते. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा थर चेहऱ्यावरून नीट निघतही नाही. म्हणून चेहऱ्याला वडी लावणं थांबवा. कमी फेसाचा, वास नसलेला फेसवॉश घ्या, ज्यात सोडियम लॉरिल सल्फेट नाही. तोही संध्याकाळी एकदाच. सकाळी साधं पाणी पुरतं. पाणी कोमटाहून गरम नको, फ्रिजमधलं बर्फासारखंही नको. टॉवेलनं घासू नका, टिपून घ्या.

मग मॉइश्चरायझर. उन्हाळ्यात कोणी क्रीम लावतं का, असं तुम्ही म्हणाल. पण एप्रिल-मेमध्ये आपली हवा घामट नसते, कोरडी असते, आणि त्यात दिवसभर कूलरचा झोत. कूलर थेट तोंडावर नको, एवढं तर आजच करा. क्रीममध्ये ग्लिसरीन, सिरॅमाइड, स्क्वालेन, पॅन्थेनॉल, ओटचं पीठ यांपैकी दोन-तीन नावं दिसली तर पुरे. सिरॅमाइड म्हणजे त्वचेच्या पेशींमध्ये मुळातच असणारा स्निग्ध पदार्थ, जो या आजारात कमी पडतो. नियासिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, चांगलं आहे, पण ४-५ टक्क्यांपर्यंत. मुलगी जी १० टक्क्यांची बाटली दाखवत असेल ती अशा चेहऱ्यावर पुष्कळदा चुरचुरते. खिसा परवानगी देत नसेल तर साधी, वास नसलेली पेट्रोलियम जेली ओलसर चेहऱ्यावर अगदी पातळ, रात्री. ती महागड्या डब्यांइतकी देखणी नसते, एवढंच. नुसतं ग्लिसरीन मात्र कोरड्या हवेत चेहऱ्यावर चोपडू नका.

सनस्क्रीन हे औषधाइतकंच महत्त्वाचं, कारण ऊन हे या आजाराचं सर्वांत मोठं निमित्त. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं, ३० किंवा जास्त एसपीएफचं घ्या. इतर सनस्क्रीनमधली काही रसायनं अशा त्वचेला झोंबतात. झिंकमुळे चेहऱ्यावर राख फासल्यासारखा पांढरा थर दिसतो ही गव्हाळ रंगाच्या बायकांची तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड मिसळलेलं सनस्क्रीन. ते लाली झाकतं आणि डागांपासूनही वाचवतं. आणि गाडीवर जाताना स्कार्फ बांधताच तुम्ही, पण तो सुती आणि सैल असू द्या. जळगावच्या रस्त्यांवर जे सिंथेटिक स्टोल डोळ्यांखेरीज सगळं आवळून बांधलेले दिसतात, त्यांच्या आत वाफेची भट्टीच असते.

काय टाळायचं ते पाठ करा, ते जास्त कामाचं आहे. मेंथॉल, कापूर, पेपरमिंट, निलगिरी, लवंगेचं तेल: जे जे लावताच थंडगार वाटतं ते. तो गारवा खरा नसतो, चेतातंतूंना दिलेली ती हूल असते, आणि चिडक्या त्वचेत तिचीच आग होते. उन्हाळ्यात आपल्याकडे ‘थंड’ पावडरी आणि ‘थंड’ तेलं घरोघरी असतात. तेल डोक्याला लावलं तरी घामाबरोबर कपाळावर उतरतं. फ्रॅग्रन्स किंवा परफ्यूम असं लिहिलेलं नको. अल्कोहोल डीनॅट नको, पण सेटाइल किंवा सिटेरिल अल्कोहोल चालतं, ते नावापुरतं अल्कोहोल, प्रत्यक्षात मेणासारखं स्निग्ध असतं. ग्लायकोलिक ॲसिड, दाणेदार स्क्रब, पार्लरचं ब्लीच, स्टीम हे सगळं बाहेर. व्हिटॅमिन सीच्या सीरममध्ये बहुधा तीव्र आम्लधर्मी द्रावण असतं, तेव्हा मैत्रिणीला सांगा, सध्या नको.

डॉक्टरांनी दिलेलं जेल अझेलेइक ॲसिडचं असण्याची शक्यता आहे. गहू-जवासारख्या धान्यांत सापडणारं हे आम्ल, १५ टक्क्यांच्या जेलच्या रूपात अमेरिकेत रोझेशियासाठी २००२ मध्ये मान्य झालं. आपल्या त्वचेला त्याचा दुहेरी फायदा म्हणजे पुरळ गेल्यावर राहणारे काळपट डागही ते हलके करतं. पहिले काही आठवडे मुंग्या आल्यासारखं चुरचुरतं. त्याला घाबरून बंद करू नका. चेहरा पूर्ण कोरडा करून लावा, तरी झेपलं नाही तर आधी मॉइश्चरायझर आणि वरून जेल. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. तुमचं जेल मेट्रोनिडाझोलचं किंवा आयव्हरमेक्टिनचं असेल, तरी धीर तेवढाच धरावा लागतो.

नवीन काहीही आणलं तर एका वेळी एकच. आधी चार-पाच दिवस कानामागे किंवा जबड्याच्या कडेला थोडं लावून पाहा, मग चेहऱ्यावर, आणि दोन आठवडे दुसरं काही नवीन नको. फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि डॉक्टरांचं जेल, एवढ्या चार वस्तूंवर तुमचं भागतं. पाचवी घरात आली की वहीत तारीख घाला.

प्रश्न : मावशी, मी शिरपूरची, वय २३. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोरं होण्याची एक ट्यूब आणली. दोन वर्षं लावली, सुरुवातीला चेहरा खूपच छान झाला होता. आता बंद केली की दोन दिवसांत लालबुंद होतो, पुरळ येतं; पुन्हा लावली की शांत. दिवाळीनंतर लग्न आहे. एखादी सौम्य क्रीम सांगाल?

उत्तर : बाळा, तुला क्रीम सांगण्याआधी तू एक काम कर. ती ट्यूब उजेडात नेऊन वाच. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसतंय का? ही स्टेरॉइडं आहेत. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर मोमेटासोन मिसळलेल्या ट्यूबा आपल्याकडे गोरेपणासाठी सर्रास खपतात. नायट्यासाठीच्या मिश्र मलमांतही अनेकदा क्लोबेटासोल असतं आणि लोक तीही चेहऱ्याला लावतात. ही औषधं वाईट नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, मोजक्या दिवसांसाठी ती फार उपयोगी आहेत. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, हनुवटीवर लव वाढते, आणि थांबवलं की तू लिहिलंस तेच होतं. त्वचेला त्याची सवय लागलेली असते.

तू एकटी नाहीस. देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी केली होती, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. म्हणजे शंभरात जवळजवळ पंधरा. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं ठरवलं. पण काउंटरवर ‘ती अमकी ट्यूब द्या’ म्हटलं की अजूनही मिळते, हे तू मला सांगायला नको.

यातून बाहेर पडता येतं, पण डॉक्टरांच्या नजरेखाली. कोणाला एकदम थांबवायला सांगतात, कोणाला हळूहळू कमी करायला, आणि मधल्या काळासाठी आग शमवणारी दुसरी औषधं देतात. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना ती ट्यूब सोबत ने, लाजू नकोस. काही आठवडे, कदाचित काही महिने चेहरा आजच्यापेक्षा वाईट दिसेल. दिवाळीपर्यंत सगळं नितळ होईल असं वचन कोणी देत असेल तर त्याच्याकडे बहुधा आणखी एक स्टेरॉइडच आहे. म्हणून आजच जा, उद्यावर टाकू नकोस.

लग्नाच्या तयारीतलं ब्लीच, फेशियल, स्टीम रद्द. हळद लागेल तेव्हा हातापायांना भरपूर लावू दे, कपाळाला टिकली एवढी पुरे. काकू-मावश्या ऐकणार नाहीत, तर आईला आधीच तयारीत ठेव. मेकअप करणारीकडून तिच्या वस्तू आठवडाभर आधी कानामागे लावून घे.

प्रश्न : आम्ही रावेरचे, घरची केळी. पिकलेल्या केळ्याचा, कोरफडीचा किंवा मुलतानी मातीचा लेप रोझेशियाला चालतो का?

उत्तर : जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते खाण्यासाठी. लेपानं अपाय सहसा नाही, उपायही नाही. त्यात लिंबू किंवा मध-दालचिनी घातली तर अपाय नक्की. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे डाग पडतात. मुलतानी माती त्वचा ओढून कोरडी करते, बेसन घासलं जातं, दोन्ही नकोत. कोरफडीचं पान कापल्यावर जो पिवळा चीक येतो तो झोंबतो. तो पूर्ण निथळू देऊन, धुऊन, फक्त आतला पारदर्शक गर घ्यावा, आणि तोही आधी कानामागे लावून पाहूनच.

प्रश्न : मी धुळ्याचा, एसटीत चालक, वय ५२. नाक आणि गाल कायम लाल, नाकाची कातडी जाड होत चाललीय. मी थेंबालाही शिवत नाही, पण प्रवासी आणि डेपोतली पोरं ‘सकाळी सकाळीच?’ असं विचारतात. हल्ली डोळ्यांतही खुपतं. मलम सांगा.

उत्तर : दादा, हा टोमणा जगभरातल्या रोझेशियाच्या रुग्णांनी ऐकलाय. दारूनं चेहरा लाल होऊ शकतो हे खरं, पण आयुष्यात न पिणाऱ्यांनाही हा आजार होतो आणि नाक जाड होण्याचा प्रकार पुरुषांत जास्त दिसतो. डेपोतल्या पोरांना डॉक्टरांची चिठ्ठीच दाखवा. नाक वाढायला लागलं असताना वेळ घालवू नका. सुरुवातीला गोळ्या-औषधांनी ते आवरता येतं, फार वाढल्यावर मात्र लेसर किंवा छोटी शस्त्रक्रिया लागते.

जुन्या गाडीत इंजिनाचा सगळा ताप चालकाच्या बाजूला येतो आणि समोरच्या काचेतून ऊन. त्यामुळे सकाळी निघताना आणि दुपारच्या थांब्यावर असं दोनदा सनस्क्रीन लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सलूनमध्ये दाढीनंतर तुरटी फिरवणं, आफ्टरशेव्ह आणि गरम टॉवेल बंद करायला सांगा. कारागीर हसेल, हसू द्या. घरी करत असाल तर वास नसलेलं शेव्हिंग क्रीम, आणि पातं केसांच्या दिशेनं, एकाच जागी पुन्हा पुन्हा नाही.

डोळ्यांत खुपणं, सकाळी पापण्यांना पापुद्रे चिकटणं, वारंवार रांजणवाडी होणं हेही याच आजाराचं लक्षण असू शकतं आणि त्यावर चेहऱ्याचं कुठलंही मलम चालत नाही. स्वतःहून थेंब आणून घालू नका, त्यांतही कधी कधी स्टेरॉइड असतं. या आठवड्यात सुटी टाका आणि आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. उजेड सहन होईना किंवा नजर धूसर झाली तर सुटीचीही वाट पाहू नका, आणि तोवर गाडी चालवू नका.